मदतीच्या गाड्या परत गेल्यावर

भूकंप, पूर किंवा दरड कोसळल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस मदतीचा ओघ लागलेला असतो. मग गाड्या परत जातात, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आतल्या पानांवर सरकतात आणि घर गमावलेली कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं दिवस काढतात. हा मधला काळ माणसं कशी निभावतात? त्यांना खरी गरज कशाची असते? आणि आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो?

३० सप्टेंबर १९९३. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत नुकतंच गणपतीचं विसर्जन झालं होतं. मिरवणुकीने थकलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि काही सेकंदांतच किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी तेरणेच्या परिसरातली नांदती गावं दगडमातीचे ढीग होऊन बसली. सरकारी आकड्यांप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही नोंदींत हा आकडा साडेनऊ हजारांच्याही पुढे जातो. जखमींची संख्या तर कितीतरी मोठी होती.

त्यानंतर साऱ्या देशातून मदत आली. लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते, डॉक्टर तंबूत शस्त्रक्रिया करत होते, रस्त्यांवर भाकऱ्या, ब्लँकेटं आणि कपडे भरलेल्या ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. या सगळ्याचं वर्णन त्या वेळी भरपूर छापून आलं. पण दिवाळी झाली, थंडी पडू लागली, तसे ट्रक कमी झाले. गावाशेजारच्या मोकळ्या रानात पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या आणि वाचलेली माणसं त्यात राहायला गेली. 'थोड्या दिवसांचा प्रश्न आहे' असं सगळेच एकमेकांना सांगत होते. प्रत्यक्षात काही गावांना नवी घरं दीड-दोन वर्षांत मिळाली, तर काहींना त्याहूनही जास्त थांबावं लागलं.

या शेडमधल्या दिवसांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. खरं तर घर गमावलेलं माणूस पुन्हा उभं राहणार की खचणार, हे बहुतेक वेळा याच दिवसांत ठरतं.

माळवदाकडून पत्र्याकडे

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पावसाळ्याआधी दरवर्षी वर आणखी माती टाकायची, त्यामुळे छताचं ओझं वाढतच जायचं. मातीत रचलेल्या त्या दगडी भिंतींना हे ओझं भूकंपात पेललं नाही. ज्या घराने पिढ्यान् पिढ्या सांभाळलं, त्याच घराने झोपेत गाडलं, ही गोष्ट तिथल्या माणसांच्या मनातून जाणं सोपं नव्हतं.

म्हणूनच सुरुवातीला पत्र्याच्या शेडचा आधार वाटला. पत्रा अंगावर पडला तरी जीव जात नाही! नंतर पक्की घरं मिळाल्यावरही कित्येक कुटुंबं बाहेरच झोपत राहिली. नव्या घराच्या मागेपुढे पत्र्याचे आडोसे उभे राहिले ते नुसते जागा कमी पडली म्हणून नव्हे, त्यात ही भीतीही होती.

पण एप्रिल-मे उजाडला की हाच पत्रा छळू लागतो. लातूरकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारी शेडच्या आत बसवत नाही आणि बाहेर झाड नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की आतल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दोन कुटुंबांच्या मध्ये एकच पत्रा. पलीकडे कुणी खोकलं, कुणी भांडलं, कुणी रडलं, सगळं अलीकडे कळणार. एका खोलीत चूल, धान्याचं पोतं, अंथरुणं, म्हातारी सासू, शाळेत जाणारी मुलं आणि नवरा-बायको. कधी कधी लग्न झालेला धाकटा दीरही.

आपत्तीनंतर निवारा कसा असावा याचे काही किमान निकष मदतकार्यात जगभर मानले जातात. माणशी निदान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडतीस चौरस फूट छताखालची जागा, रोज माणशी पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास. वाचायला हे पुरेसं वाटतं. पण बाळंतिणीला कुठे निजवायचं, वयात आलेल्या मुलीने कपडे कुठे बदलायचे, शेळी-म्हैस कुठे बांधायची, याचं उत्तर चौरस फुटांत मिळत नाही.

शेजारी कोण?

शेड कितीही चांगली असली तरी तिच्यात राहणं सुसह्य होतं की नाही, हे बऱ्याच अंशी शेजारी कोण आहे यावर ठरतं. हे ऐकायला साधं वाटेल, पण त्याची फार मोठी किंमत एका श्रीमंत देशाने मोजली आहे.

१७ जानेवारी १९९५ रोजी, किल्लारीनंतर सव्वा वर्षाने, जपानमधल्या कोबे शहरात मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. जपान सरकारने भराभर कामाला लागून सुमारे अठ्ठेचाळीस हजार तात्पुरती घरं उभारली. घरं आपल्याकडच्या शेडपेक्षा कितीतरी चांगली होती, आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास सगळं होतं. ती द्यायची कशी, तर चिठ्ठ्या टाकून. त्यातही म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना आधी. याहून न्याय्य पद्धत कोणती असू शकेल?

पण चिठ्ठीने गल्ली मोडली. चाळीस वर्षं एकमेकांच्या दारात बसून चहा प्यायलेल्या दोन म्हाताऱ्या शहराच्या दोन टोकांना गेल्या. बरीच वस्ती जुन्या मोहल्ल्यांपासून लांब होती आणि एकेका ठिकाणी सगळे वृद्धच एकत्र आले, तेही एकमेकांना अनोळखी. आजारी पडलं तर विचारणारं कुणी नाही. बंद दाराआड एकट्याने मेलेल्या आणि दिवसांनी सापडलेल्या माणसांच्या बातम्या येऊ लागल्या. तात्पुरत्या घरांत असे दोनशेहून अधिक मृत्यू झाले. भूकंपातून वाचलेली माणसं भूकंपानंतरच्या एकटेपणाने गेली.

जपान यातून शिकला. २००४मध्ये नीगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी नावाचं डोंगराळ गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. या वेळी तात्पुरती घरं वाडीवार दिली गेली. एका वाडीतली सगळी कुटुंबं एका रांगेत. सकाळी दार उघडलं की समोर ओळखीचाच चेहरा. अशा वस्त्यांमधून स्वयंसेवक गरम पाण्याची घमेली घेऊन जायचे, म्हाताऱ्यांना पाय बुडवून बसवायचे, हात चोळून द्यायचे आणि ते जे बोलतील ते ऐकायचे. ही पद्धत कोबेच्या वेळेपासूनची. पाय शेकणं हे निमित्त, बोलतं करणं हे काम.

आपल्याकडे किल्लारी भागात शेड बहुतेक त्या त्या गावाच्या आसपासच उभ्या राहिल्यामुळे गाव तरी गावासोबत राहिलं. भावकीतलं, आळीतलं कुणी ना कुणी हाकेच्या अंतरावर होतं. एकीकडे चूल पेटली की दुसरीकडे विस्तव नेला जायचा. घरातली कर्ती बाई गेली त्या घरातल्या लेकरांच्या तोंडात शेजारणीने घास घातला. सरकारी कागदावर या मदतीची नोंद नाही, पण शेडमधले पहिले महिने तिच्याच जोरावर निघाले.

गंमत अशी की हा शेजार शेडमध्ये टिकला, पण नव्या गावात बऱ्याच ठिकाणी मोडला. पूर्ण पुनर्वसन झालेल्या ५२ गावांत घरं तीन मापांची होती. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४५०, मोठ्या जमीनदारांना ७५०. एका मापाची घरं एकीकडे, दुसऱ्या मापाची दुसरीकडे. रस्ते सरळ, रुंद, शहरासारखे. पण थोरला भाऊ एका टोकाला आणि वाटणीत कमी जमीन आलेला धाकटा दुसऱ्या टोकाला! 'जरा लेकराला बघ गं, मी पाण्याला जाऊन येते' असं म्हणायला जुनी शेजारीण जवळ राहिली नाही. पक्कं घर मिळाल्यावरही काही बायकांना शेडमधले दिवस आठवायचे, ते यामुळे.

बाईच्या वाट्याचं काम

तात्पुरत्या वस्तीत सर्वात आधी दिवस सुरू होतो तो बाईचा आणि सर्वात उशिरा संपतोही तिचाच. घर पडलं तरी स्वयंपाक चुकत नाही. उलट सोपी कामंही अवघड होतात. जातं, उखळ, पाटा ढिगाऱ्यात गेलेला. सरपण ठेवायला जागा नाही. पाण्याचा टँकर येईल तेव्हा हातातलं काम टाकून पळायचं. न्हाणी नसल्याने अंघोळ पहाटे अंधारात उरकायची, आणि संडासाची व्यवस्था लांब किंवा अपुरी असेल तर दिवसभर पाणीच कमी प्यायचं. त्यातून लघवीचे विकार होतात, पण डॉक्टरांना ते सांगायचा संकोच वाटतो.

मदत वाटणारे बहुतेक पुरुष आणि मागायला जाणारेही पुरुष. त्यामुळे याद्यांमध्ये तांदूळ, ब्लँकेट, स्टोव्ह हे सगळं असतं, पण पाळीच्या वेळी लागणारे स्वच्छ कपडे, आतले कपडे, न्हाणीला आडोसा, संडासाच्या दाराला आतून कडी, वाटेवर दिवा, या गोष्टी राहून जातात. खर्च मोठा नसतो, विचारायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.

विधवांचा प्रश्न आणखी वेगळा. नुकसानभरपाईचा धनादेश कुणाच्या नावाने निघणार, सासऱ्याच्या की सुनेच्या? जमिनीच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का? माहेर नेईल म्हणते, सासर सोडू म्हणत नाही, आणि मध्ये दोन लहान मुलं. अशा वेळी तलाठी कार्यालयात सोबत येणारी, अर्ज वाचून दाखवणारी एखादी जाणती शेजारीण मिळाली तर तिचं आयुष्य वाचतं.

रिकामे हात

दुसरा मोठा प्रश्न कामाचा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. ज्यांचे बैल ढिगाऱ्याखाली गेले, औतं मोडली, घरातला जोडीदार गेला, त्यांनी पेरायचं कसं? त्यातच जेवण, कपडे, शिधा सगळं आयतं मिळत होतं. पहिल्या महिन्यात ते आवश्यकच होतं. पण धडधाकट माणसाने सहा महिने कुणाच्या तरी गाडीची वाट पाहत रांगेत उभं राहायचं, याने माणूस आतून मोडतो. जो काल दहा गड्यांना कामाला लावत होता, तो आज ब्लँकेटसाठी यादीत नाव शोधतो.

अशा वेळी रिकामा दिवस आणि हातात आलेली अनुदानाची रक्कम यांची गाठ पडली की दारूचं दुकान लांब राहत नाही. भूकंपग्रस्त भागात दारूचं प्रमाण वाढल्याच्या तक्रारी बायकांनी वारंवार केल्या. भरपाईचे पैसे घरासाठी आले आणि मोटरसायकल, लग्नाचा बडेजाव किंवा बाटलीत गेले, अशी उदाहरणंही थोडी नव्हती. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्याने एका पहाटेत बायको आणि दोन लेकरं गमावली, त्याला उद्याचा विचार करायला सांगणारं आणि त्याच्याशेजारी बसून राहणारं माणूस त्या वेळी कुठे होतं, हेही विचारायला हवं.

मनाच्या दुखण्याकडे आपल्याकडे सहसा कुणी बघत नाही. भूकंपानंतर झोप न लागणं, ट्रक गेला तरी दचकून बाहेर धावणं, आपण वाचलो म्हणून अपराधी वाटणं, ही वेडाची लक्षणं नाहीत. मोठा धक्का बसलेल्या कोणत्याही माणसाचं असं होतं. बहुतेकांचं ते काही महिन्यांत आपोआप कमी होतं, पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात. ऐकणारं माणूस, हाताला काम आणि रोजचा ठरलेला क्रम. सणवार, भजन, कीर्तन, मुलांची शाळा, आठवड्याचा बाजार हे जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं. ज्यांचं दुखणं महिनोन् महिने कमी होत नाही, जे खाणं-बोलणं सोडतात किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करतात, त्यांना मात्र वेळ न घालवता डॉक्टरांकडे नेलं पाहिजे.

मुलांच्या बाबतीत तर शाळा हेच औषध. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. गावात राहिलेल्या मुलांसाठी पत्र्याखाली भरलेली शाळाही तेवढीच मोलाची होती. घंटा वाजली, हजेरी झाली, पाढे म्हटले की मुलांना वाटतं, सगळंच काही बुडालं नाही.

संवाद सहायक

मदत घेणारी माणसं मदत करणारी कशी होतात, याचं एक ठळक उदाहरण याच भागात घडलं.

५२ गावं पूर्ण नव्याने वसवायची होती, पण त्याशिवाय शेकडो गावांत घरांना तडे गेले होते. तिथे सरकारने ठरवलं की घरमालकाने स्वतः दुरुस्ती करायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. आता हप्ता मिळवायचा तर कामाची पाहणी, फोटो, इंजिनिअरची सही हे सगळं आलं. गावात इंजिनिअर येणार आठवड्यातून एकदा, तोही पुरुषांशी बोलून जाणार. घर मजबूत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे घरातल्या बाईला कुणी सांगतच नव्हतं. आणि घरात चोवीस तास राहणार तर तीच!

प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने इथे एक कल्पना मांडली आणि सरकारने ती उचलली. प्रत्येक गावातून बायकांनीच पुढे यायचं, सरकार आणि गावकरी यांच्यामधला दुवा व्हायचं. त्यांना नाव मिळालं 'संवाद सहायक'. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या बाराशेहून अधिक गावांत अशा बायका उभ्या राहिल्या. त्यातल्या कित्येकींनी तोवर चावडीची पायरी चढलेली नव्हती. त्या दगडी भिंतीत आरपार बांधणीचे दगड घालणं, लिंटेलच्या पातळीवर पट्टा बांधणं, छतावरची माती कमी करणं या गोष्टी शिकल्या आणि घरोघर समजावू लागल्या. कुणाचा हप्ता अडला, कुणाचं नाव यादीत नाही, कुठे सिमेंट कमी पडलं, याच्या वह्या त्यांनी ठेवल्या. ग्रामसभेत त्या बोलू लागल्या. घरांचं काम संपल्यावर त्यांचे गट मोडले नाहीत. त्यातून बचत गट झाले, छोटे व्यवसाय झाले, पाणी आणि आरोग्याची कामं झाली.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका कच्छमध्ये गेल्या. गुजराती येत नव्हतं. पण ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईजवळ जाऊन 'आमचंही असंच झालं होतं, आता आमचं घर उभं आहे' एवढं सांगायला भाषा कितीशी लागते? शेडमध्ये दिवस काढलेल्या बाईच्या तोंडून आलेला हा धीर कोणत्याही अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त पटला. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही हा अनुभव कामी आला.

'तात्पुरतं' म्हणजे किती?

तात्पुरतं हा शब्द फसवा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबं आधी शाळांमध्ये आणि मग शहराबाहेर उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये गेली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी या भागांचा आजचा चेहरा घडला त्यात या पूरग्रस्तांचा मोठा वाटा आहे. तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या जागांत पूरग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या वाढल्या, आणि पूरग्रस्तांच्या गृहसंस्थांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न अर्धशतकाहून जास्त काळ सरकारदरबारी रेंगाळला.

३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, नवं माळीण आमडे इथे उभं राहायला एप्रिल २०१७ उजाडला. जुलै २०२१मध्ये महाडजवळच्या तळियेवर दरड आली, जुलै २०२३मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर. इर्शाळवाडीच्या ठाकर कुटुंबांना आधी मंदिरात आणि मग चौकजवळ लोखंडी कंटेनरच्या घरांत ठेवलं गेलं. डोंगरावर मोकळ्या अंगणात वाढलेल्या या माणसांना लोखंडाच्या पेटीत राहणं किती जड गेलं असेल, याची कल्पना करता येते. पण वाडी एकत्र राहिली, ही त्यातली जमेची बाजू.

या सगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घर बांधून देणं सरकारचं आणि दानशूरांचं काम आहे, त्याला वेळ लागणारच. पण मधल्या काळात माणसाला माणूस जोडलेला ठेवणं हे पैशाचं काम नाही. त्यासाठी शेडची यादी करताना एकदा गावातल्या बायकांना विचारायचं, 'तुम्हाला कुणाशेजारी राहायचंय?' एवढ्याने निम्मं काम होतं.

तुम्हाला मदत करायची असेल तर

● आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात सगळेच देतात. तुमच्या मदतीचा काही भाग सहा महिन्यांनंतरसाठी राखून ठेवा. तेव्हा देणारे हात कमी झालेले असतात.

● जुने कपडे गोळा करण्याआधी तिथे विचारा. फाटके, मळके, न चालणारे कपडे पाठवणं म्हणजे आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं. एखादी नवी साडी, टॉवेल, आतले कपडे जास्त उपयोगी पडतात.

● आयत्या वस्तूंपेक्षा कामाची साधनं द्या. शिलाई मशीन, सुताराची हत्यारं, बी-बियाणं, शेळी. वस्तू संपते, काम टिकतं.

● पत्र्यावर टाकायला गवत, गोणपाट किंवा पाचट, दारापुढे मांडव आणि पावसाळ्यात लावायला रोपं, यांनी उन्हाळा पुष्कळ सुसह्य होतो. यासाठी फार पैसे लागत नाहीत.

● बायकांच्या न्हाणीला आडोसा, संडासाच्या दाराला कडी आणि वाटेवर दिवा आहे का, हे बाईनेच बायकांना विचारावं.

● भेटायला गेलात तर 'कसं झालं, किती गेले' असं खोदून विचारू नका. त्यांना सांगावंसं वाटलं तर ऐकून घ्या. रडू लागले तर रडू द्या. 'देवाची इच्छा', 'तुम्ही तरी वाचलात' ही वाक्यं टाळा.

● मुलांना खाऊ आणि खेळणी देऊन एका दिवसात परत येण्यापेक्षा सुट्टीत आठ-पंधरा दिवस राहून शिकवा. अनाथ मुलाला भावनेच्या भरात घरी आणू नका. त्याचे जवळचे नातेवाईक आहेत का, हे आधी पाहायला हवं, आणि दत्तक घेण्याची रीतसर कायदेशीर पद्धत आहे.

● अर्ज भरणं, उतारे काढणं, बँकेत खातं उघडणं, हरवलेल्या कागदांच्या नकला मिळवणं, यात शिकलेल्या माणसाची मदत लाखमोलाची ठरते. विशेषतः विधवा आणि म्हाताऱ्यांना.

● दिवाळी, पंचमी, वर्षश्राद्ध हे दिवस सर्वात जड जातात. त्या दिवशी कुणीतरी त्यांच्या दारात असावं. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत असं घर सोडून आलेलं एखादं कुटुंब भाड्याने राहत असेल, तर यंदा फराळाचं ताट पाठवू नका. त्यांना घरी बोलवा, आणि करंज्या भरायला त्या वहिनींना सोबत घ्या.